‘तुम्ही’ म्हणणारी मुलगी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार, राखीपौर्णिमा. मुलुंड पूर्वेच्या एका वन बीएचकेच्या दारात पंधरा वर्षांची मुलगी पाठीवरची सॅक न उतरवता उभी होती. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मग तिने विमानात घोकून आणलेलं वाक्य वडिलांकडे बघत म्हटलं, “तुम्ही कसे आहात?”

घर आनंदलं. आजी आत्याला म्हणाली, “बघ गं, जर्मनीत वाढली, पण बापाला अहो-जाहो करते.” त्याच घरातला नऊ वर्षांचा मुलगा बापाला ‘ए बाबा’ म्हणतो, त्यामुळे कौतुक जास्तच झालं.

चेहरा उतरला तो एकट्या वडिलांचा. त्यांनी जर्मनीत नऊ वर्षं काढली होती. त्या भाषेत घरच्या माणसाला, मित्राला, देवालाही ‘डू’ म्हणतात आणि ओळख नसलेल्या मोठ्या माणसाला ‘झी’. आठ महिने ती त्यांच्याशी फोनवर जर्मनमध्ये बोलत होती, पण त्यांना एकदाही ‘डू’ म्हणाली नव्हती आणि ‘झी’ही नाही. वाक्यं अशी फिरवायची की समोरच्याला संबोधावंच लागू नये. ‘जेवण झालं का’, ‘आज सुट्टी आहे का’. हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मराठीने तिला ‘तुम्ही’ दिलं आणि तिची सोय झाली. घराने आदर ऐकला. वडिलांना नेमकं काय ऐकू आलं, ते त्यांनी मला चार दिवसांनी सांगितलं: “मॅडम, ती मला परका म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

घरच्यांची, मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं मुद्दाम घातलेली नाहीत, नात्यांवर भागतं. मी दादरला समुपदेशन करते, किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक हेच माझं बरंचसं काम. या घराबरोबर मी जुलैपासून होते: ती येण्याआधी दोन भेटी, ती इथे असताना चार आणि नंतर फोनवर. मला जर्मन येत नाही. मुलीशी मी इंग्रजीत बोलायचे, तिचं इंग्रजी चांगलं आहे. पण भरून आलं की ती जर्मनमध्ये जायची आणि मग मला अर्थ वडिलांकडून घ्यावा लागायचा. ज्यांच्याविषयी तक्रार, तेच दुभाषे. त्रयस्थ दुभाषा आधीच ठरवायला हवा होता, ही माझी चूक. असं प्रकरण हाताळणाऱ्याने ती पुन्हा करू नये म्हणून लिहून ठेवते.

मागची बारा वर्षं

वडील गिरगावातल्या चाळीत वाढले. इंजिनीअर झाले, २००४ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि तिथेच नोकरीला लागले. मुलीची आई तिथलीच, नर्स. दोघांनी लग्न केलं नाही. मुलगी २००९ च्या डिसेंबरमध्ये झाली. गिरगावात यातलं कुणालाही काही माहीत नव्हतं. दर रविवारी घरी फोन व्हायचा, हवापाणी, नोकरी, पगार याविषयी बोलणं व्हायचं आणि मुलीचा विषय निघायचा नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. ते धावत आले, महिन्याभरासाठी म्हणून. महिन्याचे तीन झाले, तीनाचे आठ. नोकरी गेली. जर्मनीच्या कायद्याप्रमाणे परकीय माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिला, तर साधारणपणे त्याचा निवासपरवाना आपोआप संपतो. यांचाही संपला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. सुरुवातीला स्काइपवर बोलणं व्हायचं, मग महिन्यातून एकदा, मग वाढदिवसाला, मग तेही थांबलं. २०१५ मध्ये त्यांचं इथे लग्न झालं. बायकोला त्यांनी २०२० मध्ये सांगितलं आणि आईला, म्हणजे मुलीच्या आजीला, २०२४ च्या शेवटी. तेही मुलीनेच शोधून काढलं म्हणून. तिने वडिलांचं नाव लिंक्डइनवर शोधलं आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: ‘मी अमुक. तुम्ही माझे वडील आहात असं मला वाटतं.’

माणूस गेलेलाही नाही आणि हाताशीही नाही, अशा वेळच्या दुःखाला अमेरिकेतल्या संशोधक पॉलिन बॉस यांनी ‘अँबिग्युअस लॉस’ असं नाव दिलं. १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना त्यांना हे दिसलं होतं. आपल्याकडे सांगायचं तर दारात चप्पल नाही आणि भिंतीवर हार घातलेला फोटोही नाही. अशा घरातलं मूल शोक करत नाही, कारण शोक करण्यासारखं काही ‘झालेलं’ नसतं. ते हिशेब करत राहतं: माझं काय चुकलं, तो कुठे असेल, त्याला मी आठवते का. या मुलीने बारा वर्षं हा हिशेब केला होता आणि ती मुंबईत आली होती ती तो मिटवायला. घरच्यांना मात्र वाटत होतं की ती घर बघायला, गणपती बघायला आणि माणसं जोडायला येते आहे. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण पुढचा सगळा घोळ या दोन समजुतींमधला आहे.

येण्याआधी

जुलैत आत्या मला भेटायला आली तेव्हा तिच्याकडे महिन्याभराचं वेळापत्रक तयार होतं: सिद्धिविनायक, राणीची बाग, एलिफंटा, कोकणात कुलदैवत, मग गणपती. त्यात बाप आणि मुलगी दोघंच असतील असा एकही तास नव्हता. मी कोकण आणि कुलदैवत काढायला लावलं. आणखी काढायला हवं होतं.

दुसरी भेट मुलीच्या आईबरोबर व्हिडिओवर झाली. तिची भीती सरळ होती: मुलीला ठेवून घेतलं तर? ही भीती उगाच नव्हती. मूल परदेशात नेऊन परत न आणण्याच्या प्रकारांसाठी १९८० चा हेग करार आहे आणि भारत त्यात सहभागी नाही, त्यामुळे असं काही झालं तर इथल्या कोर्टात नव्याने लढावं लागतं. जर्मनीत आईवडील विवाहित नसतील आणि ताबा दोघांकडे राहील असं दोघांनी मिळून जाहीर केलेलं नसेल, तर साधारणपणे मुलाचा ताबा एकट्या आईकडे असतो. इथेही तसंच होतं. आम्ही साध्या गोष्टी ठरवल्या. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट मुलीच्या सॅकमध्ये राहील, घरातल्या कपाटात नाही. रोज रात्री आईशी बोलणं होईल आणि त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसेल. तिला मधूनच परत जावंसं वाटलं तर ‘का’ न विचारता तिकीट बदललं जाईल. आजीला हे लागलं. “आम्ही काय पळवून नेणार आहोत पोरीला?” मी म्हटलं, “आजी, तिची आई तुम्हाला ओळखत नाही. तुमच्या मुलीला कुणी अनोळखी घरी पाठवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?” त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “पाठवलंच नसतं.” त्यानंतर त्यांनी पासपोर्टचा विषय काढला नाही.

सगळ्यांत चांगली तयारी केली ती वडिलांच्या पत्नीने. तिला पाच वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते पचवणं सोपं नव्हतं. तरी तिने काय केलं, तर हॉलमधल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. त्यात कागद अंथरला, दोन हँगर आणि एक कुलूप-किल्ली ठेवली. बाकी कुणाला काही सांगितलं नाही. मुलीने पहिल्याच भेटीत मला त्या कप्प्याबद्दल सांगितलं, दोनदा. आणि आजी “तिला आई म्हण” असं शिकवू लागली तेव्हा हीच मध्ये पडली: “तिला आई आहे. मला काकू म्हण, नाहीतर नावाने हाक मार.” मुलगी तिला काकू म्हणते.

पहिले दहा दिवस

पहिल्या दिवशी, घरात येऊन दोन तास झाले नाहीत तोच तिच्या हातात राखी दिली गेली. तिला राखी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. धाकट्याने मनगट पुढे केलं, फोटो निघाले. ती नंतर मला म्हणाली, “मुलगा छान आहे. पण मला विचारायला हवं होतं.”

आठवडाभरात घरात एक वाक्य ठरून गेलं: ‘तिला आपली पद्धत माहीत नाही ना.’ ती जेवताना गप्प असली की पद्धत माहीत नाही. दुपारी बाथरूममध्ये अर्धा तास बसून राहिली की तिकडे असंच असतं. पाहुण्यांसमोर उठून गेली की हवामान मानवत नाही. गंमत अशी की मुलीचंही तेच चाललं होतं. १३ ऑगस्टला माझ्याकडे आली तेव्हा तिच्याही तोंडी गर्मी, हॉर्न, तिखट आणि गर्दी होती. वडिलांचा शब्दही नाही. दोन्ही बाजूंना ‘संस्कृती’ हा शब्द सोयीचा होता, कारण त्याआड जाऊन बापाबद्दल बोलणं टाळता येत होतं.

मी तिला म्हटलं, वहीत दोन रकाने कर. इथला कुणीही माणूस वागला असता तरी जे खटकलं असतं ते डावीकडे लिही, फक्त बाबांमुळे खटकलेलं उजवीकडे. तिने चार दिवस लिहिलं. डावीकडची यादी लांब निघाली, पण त्यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय निघाला. घरी ती ट्रामने एकटी हिंडते आणि इथे कोपऱ्यावर जायलाही कुणीतरी बरोबर, हे तिला सगळ्यांत जास्त टोचत होतं. खिशात पैसे असूनही ती एक वडापाव घेऊ शकत नव्हती, कारण मोबाइलवर पैसे द्यायला साधारणपणे इथलं बँक खातं लागतं आणि घरचे तिला नोटा काढूच द्यायचे नाहीत. काकूने दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांची पुरचुंडी तिच्या कप्प्यात ठेवली आणि सकाळचं दूध-पाव तिच्याकडे सोपवलं. मग एकदा आतेबहिणीबरोबर लेडीज डब्यातून ठाण्याला जाऊन आली आणि डावा रकाना बराचसा मिटला.

उजवीकडे तीनच ओळी होत्या. मी त्या इथे देत नाही. तिसरी ओळ प्रश्न होती आणि तो प्रश्न कोणालाही सुचेल.

१८ आणि १९ ऑगस्टला मुंबईत पाऊस कोसळला. शाळा बंद, लोकल ठप्प. १९ ला संध्याकाळी चेंबूरजवळ मोनोरेल मध्येच अडकून शेकडो प्रवाशांना शिडीने उतरवावं लागलं, तो हा दिवस. आजी गिरगावात, आत्या ठाण्यात, पाहुणे कुणी येण्याची शक्यता नाही. हॉलच्या खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपत होतं. वडील आणि मुलगी दोघांनी मिळून जुने टॉवेल पिळून पिळून तिथे लावले, रात्री दोनदा उठून बदलले. धाकट्याने कॅरम काढला. तिने राणी घेतली आणि कव्हर घेता आलं नाही म्हणून राणी परत ठेवावी लागली, तेव्हा ती भावाशी भांडली, जर्मनमध्ये, आणि वडील हसत हसत दोघांचे वकील झाले. तिच्या मते महिन्यातले सगळ्यांत चांगले दोन दिवस हेच. मला यात नवल वाटलं नाही. त्या दोन दिवसांत तिला कुणी काही दाखवत नव्हतं आणि तिलाही कुणाला दाखवायचं नव्हतं. समोरासमोर बसून ‘बोल आता’ म्हटलं की या वयाची मुलं मिटतात. शेजारी बसून हाताला काम असलं की बोलतात.

सहा महिन्यांचं उत्तर

२२ ऑगस्टच्या भेटीत तिने प्रश्न विचारला. वडील समोर होते. तुम्ही का आला नाहीत?

वडिलांनी परवान्याबद्दल सांगितलं. आजारी बाप, गेलेली नोकरी, सहा महिन्यांचा नियम. सांगताना त्यांनी तारखा दिल्या, कागदाची प्रत फोनवर दाखवली. खोटं काहीच नव्हतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तो नियम तिने स्वतः आधीच शोधून वाचला होता. म्हणाली, “हे पहिल्या सहा महिन्यांचं झालं. त्यानंतरचं?” पुन्हा अर्ज करता आला असता, निदान पर्यटक म्हणून जाता आलं असतं, फोन तर करता आलाच असता. वडिलांकडे उत्तर नव्हतं.

मग तिने जे सांगितलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. जर्मनीत पालकाने मुलाच्या खर्चाचे पैसे दिले नाहीत तर सरकार त्याच्या जागी दर महिन्याला ठरावीक रक्कम देतं. पूर्वी ती मूल बारा वर्षांचं होईपर्यंतच, आणि तीही काही वर्षांपुरतीच मिळायची. २०१७ मध्ये ही मुदत काही अटींसह अठरा वर्षांपर्यंत वाढवली. त्यासाठी सरकारी कार्यालयाची पत्रं घरी येतात आणि त्यांत एक रकाना असतो: दुसऱ्या पालकाचा ठावठिकाणा. वाचता येऊ लागल्यापासून ती तो रकाना बघत होती. आई तिथे दर वेळी ‘माहीत नाही’ असं लिहायची. “माहीत नव्हतं असं नाही,” मुलगी म्हणाली. “आईला मुंबई माहीत होतं. पण मुंबई एवढाच पत्ता होता.”

त्या दिवशी वडील बाहेर पडले ते दादर स्टेशनच्या पुलावर बराच वेळ उभे राहिले, असं त्यांनी नंतर सांगितलं. मुलगी काकूबरोबर पुढे निघून गेली होती.

दोन दिवसांनी, रविवारी, बापलेक गिरगावला निघाले. मुलुंडहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने चर्नी रोड. त्यांना तिला आपली शाळा दाखवायची होती. केशवजी नाईक चाळही दाखवायची होती. तिथला सार्वजनिक गणपती १८९३ पासून बसतो आणि आजही मूर्ती लहानच असते, हे त्यांच्या लहानपणचं अभिमानाचं स्थान. त्या प्रवासात त्यांनी दाराशी उभं राहून माफी मागितली. हे मी मुद्दाम इथे नोंदवते, कारण याचा पत्ता मुलीला नव्हता.

चाळीत

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. आजीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर घरचा गणपती. गॅलरीत सगळी बिऱ्हाडं ये-जा करत होती, आरती झाली, मोदक वाटले जात होते. मजल्यावरच्या एका वयस्कर शेजाऱ्यांनी वडिलांना विचारलं, “ही कोण रे?”

वडील म्हणाले, “माझ्या जर्मनीतल्या मित्राची मुलगी.”

मुलगी दोन हातांवर होती. तिचं मराठी तोकडं होतं. मोबाइलवरच्या धड्यांतून ती शिकली होती आणि त्यातल्या पहिल्याच धड्यात वाक्यं होती: हा माझा मित्र आहे. ही माझी मुलगी आहे. चाळीतल्या त्या सगळ्या गलबल्यात तिला पूर्ण कळलेलं वाक्य एवढं एकच.

ती मोदकाची ताटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जिना उतरली. फोन बंद केला आणि चालत गिरगाव चौपाटीवर गेली. अडीच तास सापडली नाही. चतुर्थीची गर्दी, पाऊस, ढोल, पोलिसांकडे जावं का याची चर्चा. शेवटी तीच परत आली, पायाला वाळू. कुणाशी बोलली नाही. रात्री आत्याचा मला फोन: “मॅडम, ढोलताशाने बिथरली हो ती. सवय नाही ना एवढ्या गोंगाटाची.” मी विचारलं, तिने तसं सांगितलं का? नाही, पण दुसरं काय असणार?

२९ तारखेला मी आधी तिला एकटीला भेटले. तिने ते वाक्य मराठीतच म्हणून दाखवलं. उच्चार अगदी स्वच्छ होते. मग वडिलांना आत बोलावलं. त्यांनी आधी नाकारलं नाही, पण समजावू लागले: चाळीत असं एकदम सांगता येत नाही, आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, इथली पद्धत वेगळी आहे, तिला नाही कळायचं. इथे मी थांबवलं. मी कमी बोलते, पण त्या दिवशी स्पष्ट बोलले. म्हटलं, “तिला पद्धत कळते आहे. तुम्ही तिला लपवलंत, एवढंच तिला कळलंय, आणि ते बरोबर कळलंय.”

मुलगी बराच वेळ खाली बघत होती. मग इंग्रजीत म्हणाली, “आता मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते आले नाहीत, कारण यायचं तर कुठे जातो हे कुणाला तरी सांगावं लागलं असतं.”

मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यांत खरं वाक्य तेच. वडिलांना ते मान्य करायला दहा मिनिटं लागली. मग बोलायला लागले, मराठीत, माझ्याकडे बघत, आणि मी सांगितल्यावर तिच्याकडे बघत, जर्मनमध्ये. आईबापांना आधी सांगितलं नाही कारण लग्न झालेलं नव्हतं. स्वतःचे वडील अंथरुणावर पडले तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. ते गेल्यावर आईकडे बघवेना. मग लग्नाच्या वेळी लपवलं, आणि एकदा लपवल्यावर रोज लपवत राहावं लागलं. फोन केला तर ती विचारेल ‘कधी येणार’, म्हणून फोन बंद. “मी घाबरलो होतो,” ते म्हणाले. “आणि मी तुझी माफी मागितली होती. ट्रेनमध्ये.”

“कधी?”

“रविवारी. कुर्ल्याच्या पुढे. दारात.”

तिने आठवून पाहिलं. शेजारून फास्ट गाडी जात होती. ते काहीतरी बोलत होते आणि तिला वाटलं होतं की स्टेशनचं नाव सांगताहेत. तिने मान हलवली होती. वडील ती मान घेऊन पाच दिवस निर्धास्त झाले होते. अशा घरांत हे मी बरेचदा बघते. सांगणाऱ्याने एकदा सगळं धैर्य गोळा करून सांगितलेलं असतं, त्याच्या लेखी ते झालेलं असतं. ऐकणाऱ्याला ते पोचलं का, हे तो तपासत नाही, कारण पुन्हा तेवढं धैर्य कुठून आणायचं? त्यांनी पुन्हा मागितली. या वेळी पंख्याचाही आवाज नको म्हणून मी पंखा बंद केला.

पुढे काय करायचं हे तिलाच विचारलं. मला धास्ती होती की घरचे आता भरल्या गॅलरीत जाहीर सोहळा करतील, हारतुरे आणि भाषण. तिला ते नको होतं. तिची मागणी एका माणसापुरती होती: ज्यांना खोटं सांगितलं, त्यांनाच खरं सांगा.

त्या दिवसांत आझाद मैदानावरच्या मराठा आंदोलनामुळे दक्षिण मुंबईत वाट काढणं कठीण होतं. तरी १ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या दिवशी, दोघं चाळीत गेली. शेजाऱ्यांना खरं सांगणार हे आदल्या रात्री वडिलांनी आजीला सांगितलं होतं, आणि आजी रडली, चिडली, मग सकाळी उठून पुरणाला लागली. वडील त्या शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलगी मागे. “काका, परवा मी चुकीचं सांगितलं. ही माझी मुलगी.” काकांनी चष्मा वर केला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मला काय डोळे नाहीत? तुझ्या बापाचं नाक आहे ते.” मग तिला आत बोलावून खुर्ची दिली आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. चाळीत पुढे काय काय बोललं गेलं ते आजीने सोसलं. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही, एका बिऱ्हाडाने त्या वर्षी हळदीकुंकवाला येणं टाळलं. आजी मला फोनवर म्हणाल्या, “नाही आले तर नाही आले. माझ्या घरात तीन नातवंडं आहेत, दोन सांगत होते मी.”

त्यानंतर

४ सप्टेंबरची शेवटची भेट छोटी झाली. मी मुलीला ‘तुम्ही’बद्दल विचारलं. ‘तू’ म्हणावंसं वाटतं का? तिने विचार करून सांगितलं की नाही, अजून नाही. वडिलांनी आता ते ऐकून चेहरा पाडला नाही. घाई करू नये असं मी दोघांनाही सांगितलं. आत्याला वेगळं सांगावं लागलं, कारण विमानतळावर ‘ए बाबा’ म्हणून मिठी मारण्याची तालीम ती मुलीकडून करून घेत होती.

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी ती गेली. कपाटातला कप्पा काकूने रिकामा केला नाही. किल्ली मुलगी बरोबर घेऊन गेली.

ठरलं ते एवढंच: दर रविवारी, तिथले दुपारचे चार, फोन तिने करायचा. इथे ते संध्याकाळचे साडेसात. दोघांनी एकही रविवार चुकवला नाही. वडिलांनी मुलीच्या आईला पत्र लिहिलं आणि मागच्या खर्चापैकी दरमहा काही रक्कम पाठवायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं.

२६ ऑक्टोबरच्या रविवारी रात्री आठला मला त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. “मॅडम, तिने फोन केला नाही. अर्धा तास झाला. लावून बघतोय, उचलत नाही. मी काही चुकीचं बोललो का मागच्या वेळी?” मी म्हटलं, थांबा. ते थांबले. साडेआठला तिचा फोन आला. जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात आणि आपल्याशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. नऊ वर्षं तिथे राहिलेल्या माणसाच्या हे डोक्यातून गेलं होतं. तिच्या घड्याळात बरोबर चार वाजले होते. त्याआधी ती पोहायला गेली होती.

त्यांनी तिला सांगितलं की ते वाट बघत होते. तिने विचारलं, किती वेळ. ते म्हणाले, एक तास. पलीकडे ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने त्यांना पोहण्याच्या शर्यतीचं सांगायला सुरुवात केली.